दंतकथेचं मूळ शोधायचंय? मग सर्च बॉक्स लगेच उघडू नका

एखादी गोष्ट मुळात कुठली असा प्रश्न पडला की बहुतेक जण एकच करतात. गोष्टीचं नाव सर्चमध्ये टाकतात, सगळ्यात जुनी जी तारीख दिसेल ती उचलतात आणि "ही कथा अमुक शतकातली आहे" असं लिहून मोकळे होतात. मग दुसरा तेच वाचून पुढे लिहितो, तिसरा त्या दुसऱ्याचं, आणि वर्षभरात ते सर्वमान्य सत्य होऊन बसतं. गंमत म्हणजे यात आळस कमी आणि क्रमाचा घोळ जास्त असतो, म्हणजे जे काम पाचव्या नंबरला करायचं ते लोक पहिल्याच दिवशी करतात. म्हणून इथे फक्त क्रम देतोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. बहुतेक जुन्या गोष्टींचा जन्म एका दिवशी, एका जागी झालेला नसतो. तुकडे वेगवेगळ्या काळात येऊन चिकटतात, आणि आपल्याला शोधता येतो तो एकेक तुकडा कधी चिकटला हे.

## पायरी १: ऐकली तशी उतरवून घ्या

काहीही वाचायच्या आधी, गोष्ट तुमच्या डोक्यात आत्ता जशी आहे तशी लिहून काढा. वाचायला लागलात की दोन दिवसांत तुमची गोष्ट बदलते आणि तुम्हाला कळतही नाही, छापील गोष्टीतले तपशील आठवणीत जाऊन बसतात आणि मग "मी तर लहानपणापासून अशीच ऐकलीये" असं आपण शपथेवर सांगायला लागतो.

सांगणारं माणूस हयात असेल तर त्याच्याकडून पुन्हा ऐका, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. मध्ये बोलू नका. "त्यात साप होता ना?" असं विचारलंत की साप आलाच म्हणून समजा, समोरचा माणूस तुम्हाला खूश करायला होकार देतो. गोष्ट संपल्यावर तीनच प्रश्न विचारा: कुणाकडून ऐकली, तेव्हा वय साधारण काय होतं, आणि हीच गोष्ट कधी पुस्तकात वाचली किंवा पडद्यावर पाहिली होती का.

हा तिसरा प्रश्न मी एकदा विचारला नाही. एका आजोबांची गोष्ट "पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली" म्हणून तीन आठवडे मिरवली, आणि मग ते सहज म्हणाले, अरे ही आमच्या चौथीच्या पुस्तकात होती की. सगळं काम पाण्यात.

तपासा: तुमच्याकडे आता एक तारीख टाकलेला मजकूर हवा, आणि त्यात तुम्ही एकही दुरुस्ती केलेली नसावी. बोलीतले शब्द, अर्धवट वाक्यं, "मग काय झालं ते विसरलो", सगळं तसंच ठेवा.

## पायरी २: लोककथा की आख्यायिका, ते ठरवा

हे शब्द आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो, पण शोधायची पद्धत दोन्हींची वेगळी आहे. लोककथा कुठेही घडू शकते, एक राजा होता, एक म्हातारी होती, आणि ती खरी आहे असा सांगणाऱ्याचा दावा नसतो. आख्यायिका मात्र जागेला बांधलेली असते, माणसाचं नाव, वर्ष, "हा बघा तो दगड" असं सगळं तिच्यात येतं आणि ती खरी म्हणून सांगितली जाते.

लोककथेत तुम्ही तिचा प्रवास शोधता. आख्यायिकेत दोन प्रश्न असतात, गोष्ट कुठून आली हा एक आणि ती याच जागेला कधी चिकटली हा दुसरा. हे दोन एकत्र केलेत की संपलं.

एकच कथा दोन्हीकडे सापडू शकते आणि तेच उदाहरण आपण पुढे वापरणार आहोत. पंचतंत्रातल्या ब्राह्मणाच्या घरच्या मुंगसाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, बाळाला सापापासून वाचवतं, तोंडाला रक्त बघून घरचे त्यालाच मारतात. ही झाली लोककथा. वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाच्या गावी हीच गोष्ट राजपुत्र लुएलिन आणि त्याचा कुत्रा गेलर्ट यांची म्हणून सांगतात, तिथे सापाच्या जागी लांडगा आहे आणि कुत्र्याची समाधीसुद्धा दाखवतात. ही झाली आख्यायिका.

## पायरी ३: गोष्टीचे तुकडे पाडा

आता गोष्ट विसरा आणि कल्पनाबंध म्हणजे मोटिफ वेगळे काढा. एका ओळीत एकच घटना:

- बाळ घरात एकटं
- पाळलेला प्राणी राखणीला
- हल्ला करणारा प्राणी येतो (कोणता, ते लिहा)
- राखणदार त्याला मारतो, अंगाला रक्त
- घरचं माणूस परत येतं, रक्त बघून राखणदाराला मारतं
- बाळ सुखरूप सापडतं, पश्चात्ताप
- समाधी (फक्त काही ठिकाणी)

प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा, हा तुकडा काढला तर गोष्ट मोडते की तशीच चालते. रक्ताचा गैरसमज काढलात तर गोष्टच उरत नाही, तो कणा. प्राणी कोणता, हत्यार कोणतं, समाधी आहे की नाही, हे सगळं वरचं मांस. कणा तुम्हाला सांगतो की दोन गोष्टी एकाच कुळातल्या आहेत का, आणि वरचे तपशील सांगतात की ती कोणत्या वाटेने आली. लोक बरोब्बर उलटं करतात, दोन्हीकडे कुत्रा दिसला की "सेम स्टोरी" म्हणतात.

सावधान: सावत्र आई छळते, धाकटा मुलगा जिंकतो, तीन परीक्षा द्याव्या लागतात, असले एकेकटे तुकडे जगात कुठेही आपोआप उगवू शकतात. एका तुकड्याच्या साम्यावरून नातं जोडू नका. चार-पाच विचित्र तपशील त्याच क्रमाने आले तरच संशय घ्या.

## पायरी ४: कथेचा नंबर शोधा

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की लोककथांना नंबर असतात. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी १९१० मध्ये कथाप्रकारांची सूची काढली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये ती वाढवली, आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये पुन्हा बांधली. तिघांच्या आडनावांवरून तिला एटीयू म्हणतात. ढोबळ रचना अशी: १ ते २९९ प्राण्यांच्या कथा, ३०० ते ७४९ जादूच्या, १२०० ते १९९९ विनोदी आणि मूर्खांच्या, २००० च्या पुढे साखळीकथा. सिंड्रेला ५१० ए, आपली मुंगसाची गोष्ट १७८ ए.

थॉम्पसन यांची मोटिफची सूची वेगळी आहे, तिच्यात अक्षर आणि आकडा मिळून नंबर असतो, गेलर्टचा बी ३३१.२. भारतीय तोंडी कथांसाठी थॉम्पसन आणि रॉबर्ट्स यांची १९६० ची सूची आहे, आणि ठिकाणं बदलत फिरणाऱ्या आख्यायिकांसाठी क्रिस्टियनसेन यांची १९५८ ची, पण ती नॉर्वेच्या साहित्यावर उभी आहे हे लक्षात ठेवून वापरा.

नंबर कशासाठी? तर नाव प्रत्येक भाषेत बदलतं आणि नंबर तोच राहतो. नावाने शोधलंत तर तुमच्याच भाषेतली वीस पानं मिळतील, नंबराने शोधलंत तर ज्या भाषांचा तुम्ही विचारही केला नव्हता तिथल्या आवृत्त्या सापडतात.

नंबर नाही सापडला तर नाराज होऊ नका, सूची युरोपच्या बाजूने झुकलेली आहे आणि आख्यायिका तिच्यात फार कमी येतात. ओढूनताणून जवळचा नंबर चिकटवू मात्र नका, "नंबर मिळाला नाही" हीसुद्धा नोंदच आहे.

सावधान: चॅटबॉटला विचारलंत तर तो नंबर, हस्तलिखित, पान सगळं फाडफाड सांगतो, आणि त्यातलं बरंच त्याने तिथल्या तिथे रचलेलं असतं. सूचीचं पान स्वतः उघडून बघितल्याशिवाय काहीही तक्त्यात टाकू नका.

## पायरी ५: आवृत्त्यांचा तक्ता, आणि प्रत्येकीला तीन तारखा

आता सर्च बॉक्स उघडा. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक आवृत्ती: भाषा, जागा, कोणी सांगितली, कोणी उतरवली, आणि पायरी ३ मधले तुकडे एकेका कॉलममध्ये, आहे किंवा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारखेचा एक कॉलम ठेवू नका, तीन ठेवा:

१. गोष्टीत सांगितलेल्या घटनेची तारीख
२. मजकूर रचला गेला ती तारीख
३. आज हातात असलेली प्रत कधीची आहे ती तारीख

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जर्मनीतल्या हॅमेलिनच्या बासरीवाल्याचं बघा, आधी गावातले उंदीर आणि मग गावची मुलं बासरीच्या सुरावर घेऊन जाणारा तो. घटनेची तारीख २६ जून १२८४, मुलं १३०. पण हातात असलेला जुना सविस्तर मजकूर ल्यूनेबुर्गच्या हस्तलिखितातला, साधारण १४४० ते १४५० चा, म्हणजे दीडशे वर्षांनंतरचा. हॅमेलिनच्या चर्चमध्ये सुमारे १३०० ची एक रंगीत काचेची खिडकी होती म्हणतात, पण ती १६६० मध्ये गेली आणि आपल्याकडे तिची फक्त नंतरची वर्णनं आहेत, म्हणजे तिसऱ्या कॉलमात १३०० लिहायचं नाही, वर्णनाची तारीख लिहायची.

आणि आता तुकड्यांचे कॉलम बघा. ल्यूनेबुर्गच्या मजकुरात चांदीची बासरी घेतलेला देखणा तरुण आहे, मुलं त्याच्यामागे जातात, सगळं आहे, फक्त उंदीर नाहीत! उंदीर येतात १६व्या शतकाच्या मध्यानंतर. जे लोक "उंदीर म्हणजे प्लेग, म्हणजे मुलं प्लेगने गेली" असं सांगतात ते जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी चिकटलेल्या तुकड्यावरून मूळ घटना समजावतायत, आणि युरोपातली प्लेगची ती मोठी साथसुद्धा १३४७ नंतरची. तक्ता केला असता तर पाच मिनिटांत दिसलं असतं.

शोधताना दोन खड्डे आहेत. जुन्या इंग्रजी छपाईत लांब एस म्हणजे एसचं जुनं रूप एफसारखं दिसतं, स्कॅन करणारं सॉफ्टवेअर फसतं आणि शब्द सापडतच नाही, म्हणून चुकीचं स्पेलिंग टाकूनही शोधा. आणि डिजिटल लायब्ररीत मासिकांवर बऱ्याचदा पहिल्या अंकाचं वर्ष चिकटवलेलं असतं, तेव्हा १८४० दिसलं म्हणून नाचू नका, मुखपृष्ठाचं पान उघडून बघा.

तपासा: तक्त्यात निदान दहा आवृत्त्या आहेत का, त्यातल्या निदान तीन तुमच्या नेहमीच्या भाषेबाहेरच्या आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी ६: कोणी कोणाचं उचललं ते काढा

दहा आवृत्त्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. नऊ जणांनी एकाचंच पुस्तक वाचलं असेल तर साक्षीदार एकच. हे कसं ओळखायचं? एखाद्या लेखकाने घातलेला खास तपशील शोधा, तो पुढे जिथे जिथे दिसेल तिथे त्या लेखकाची शाई लागलेली आहे.

काचेचा बूट हे सोपं उदाहरण. फ्रान्सच्या पेरोने १६९७ मध्ये सिंड्रेलाला काचेचा बूट दिला. त्याआधी १६३४ मध्ये इटलीत बासिलेची आवृत्ती छापली होती, आणि चीनमध्ये तर ९व्या शतकात दुआन चंगशी याने ये श्येन नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली, तिच्यात सोन्याचा जोडा आहे. तेव्हा कोणी "आमच्याकडची अतिशय जुनी तोंडी कथा" म्हणून काचेचा बूट सांगत असेल तर आधी पेरोचा संशय घ्या. बूट मुळात फरचा होता आणि ऐकण्यात चूक झाली (फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात) असंही खूप फिरतं, पण पेरोच्या छापील पानावर काचच आहे.

आता उलटा प्रवाह. अलाउद्दीनच्या जादूच्या दिव्याची गोष्ट सगळे अरबी म्हणून धरतात, पण अरेबियन नाइट्सचा फ्रेंच अनुवादक गालाँ याने ती १७०९ मध्ये पॅरिसमध्ये अलेप्पोहून आलेल्या हन्ना दियाब नावाच्या माणसाच्या तोंडून ऐकली आणि १७१२ मध्ये छापली. त्याआधीचं अरबी हस्तलिखित सापडलेलं नाही. नंतर जी अरबी हस्तलिखितं पुढे आली ती फ्रेंचवरूनच परत अरबीत केलेली निघाली. म्हणजे हातात अरबी प्रत आहे, लिपी बरोबर, भाषा बरोबर, आणि तरी ती धाकटी!

संग्राहकावरही आंधळा विश्वास नको. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात स्नो व्हाइटचा छळ करणारी तिची सख्खी आई आहे, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हे बदल सांगणाऱ्या बायकांचे नाहीत, संपादकांचे आहेत. म्हणून तक्त्यात नुसतं "ग्रिम" लिहू नका, कितवी आवृत्ती ते लिहा.

कधीकधी मधली कडीच गायब असते. पंचतंत्राचा मूळ संस्कृत ग्रंथ आज नाही, वेगवेगळे पाठ आहेत, पूर्णभद्राचा ११९९ चा वगैरे. ६व्या शतकात इराणच्या बुर्झोयने त्याचं पहलवीत म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत भाषांतर केलं, तेही हरवलं, ८व्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यावरून अरबी केलं, ते उरलं आणि तिथून युरोपच्या भाषांत गेलं. हरवलेल्या कडीची ओळ रिकामी सोडा, पण तक्त्यात ठेवा.

## पायरी ७: नकाशावर मांडा, पण मोजणी करून फसू नका

आवृत्त्या नकाशावर ठेवल्या की लगेच मोह होतो, जिथे सगळ्यात जास्त ठिपके तिथे मूळ. चूक. ठिपके जास्त म्हणजे तिथे गोळा करणारे जास्त. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांकडून घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी वह्यांत लिहून घेतल्या होत्या, त्यामुळे तिथे कुठल्याही गोष्टीचे ढीग सापडतात. जिथे कोणी फिरकलंच नाही तिथे नकाशा कोरा, गोष्टी मात्र असणारच.

त्यापेक्षा कोणता तपशील कुठे सहज बसतो ते बघा. मुंगूस आणि साप हे हाडवैरी, त्यामुळे मुंगसाच्या गोष्टीत साप आपसूक येतो. युरोपात फिरलेल्या सात शहाण्यांच्या कथामालेत मुंगसाचा कुत्रा झाला पण साप तसाच राहिला. १३व्या शतकात एतिएन द बुर्बों या धर्मोपदेशकाने फ्रान्समधल्या लिऑनजवळच्या लोकांकडून ऐकलेली गिनफोर्ट कुत्र्याची गोष्ट नोंदवलीये, बायका आजारी पोरं घेऊन त्या कुत्र्याच्या थडग्यापाशी जायच्या म्हणून तो भलताच भडकला होता, तिथेही सापच आहे. वेल्समध्ये मात्र लांडगा. साप उरलेल्या आवृत्त्या मुंगसाच्या जास्त जवळच्या असा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणायचं, पुरावा म्हणायचं नाही.

संगणकाने कथांची वंशावळ काढणारे अभ्यास आलेत, २०१६ मध्ये सिल्वा आणि तेहरानी यांनी जादूच्या २७५ कथांवर असं काम केलं आणि लोहार आणि सैतानाची कथा कांस्ययुगापर्यंत जाऊ शकते असं मांडलं. वाचायला भारी आहे, त्यावर वादही आहेत, आणि तुमच्या दहा ओळींच्या तक्त्यावर ही पद्धत चालवू नका एवढंच.

## पायरी ८: आख्यायिका असेल तर जागा, नाव आणि घटना वेगवेगळ्या तपासा

गावाचं नाव गोष्टीवरून पडलं असं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा गोष्ट नावावरून पडलेली असते. बेडगेलर्ट म्हणजे गेलर्टचं थडगं, पण ते नाव जुन्या काळच्या एका संताचं असावं असं अभ्यासक मानतात. आणि ती समाधी? १८व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका हॉटेलवाल्याने प्रवासी यावेत म्हणून उभी केली असं धरलं जातं. दगड बघून तारीख ठरवू नका, दगडाचा पहिला लेखी उल्लेख शोधा.

घटना खरी होती का, हे गोष्टीतून कधीच सिद्ध होत नाही, बाहेरचा पुरावा लागतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांत जमीन हादरून समुद्र आत आल्याच्या कथा आहेत, गरुडासारखा प्रचंड पक्षी आणि देवमासा यांची झुंज वगैरे. तिथे खरोखर महाभूकंप झाला होता, आणि त्याची तारीख २६ जानेवारी १७०० ही ठरली ती जपानच्या जुन्या दप्तरांतून, जिथे भूकंप न जाणवता आलेल्या लाटा नोंदल्या होत्या, आणि किनाऱ्यावर मेलेल्या झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून. पुरावा असा हवा, ज्याला तुमची गोष्ट माहीतच नाही. आणि एवढं मिळूनही अमुक एक कथा त्याच भूकंपातून जन्मली असं छातीठोक म्हणता येत नाही, किनारा जुना आहे, भूकंप आधीही झालेत.

## पायरी ९: निष्कर्ष लिहा, शब्द मोजून

"मूळ" हा शब्द आधी मसुद्यातून शोधून काढा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, मला म्हणायचंय काय? बहुतेक वेळा उत्तर "सर्वात जुनी सापडलेली लेखी नोंद" असं असतं, मग तेच लिहा. प्रत्येक वाक्याला तीनपैकी एक पातळी द्या: दिसतं (प्रत बघितली), शक्यता जास्त (तपशील जुळतात), अंदाज.

कुत्र्याच्या गोष्टीचा निष्कर्ष मी असा लिहीन: राखणदार प्राण्याला गैरसमजातून मारण्याचा कणा पंचतंत्राच्या पाठांत दिसतो. युरोपात १३व्या शतकात कुत्रा आणि साप अशी त्याची नोंद दिसते. दोन्हींत नातं असण्याची शक्यता जास्त, कारण घटनाक्रम तंतोतंत जुळतो आणि भाषांतरांची वाट माहीत आहे. बेडगेलर्टला ती उशिरा चिकटली असण्याची शक्यता जास्त. सापाचा लांडगा कुठे झाला, यावर माझा फक्त अंदाज आहे आणि तो इथे लिहीत नाही.

पाच वाक्यं, बस. तक्ता सोबत जोडा, शेवटचा बदल कधी केला ती तारीख वर टाका, आणि तोंडी सांगणाऱ्याचं नाव त्याने हो म्हटल्याशिवाय कुठेही देऊ नका, नुसतं वय आणि भाग पुरतो. नवी आवृत्ती सापडली की आधी तक्त्यात ओळ वाढवा, मग निष्कर्षाला हात लावा.